कोलेतची सोबत

“मग पुरली कुठं तिला?”

आत्यांनी हे विचारलं तेव्हा मी चर्चच्या तळघरात कडा कापलेल्या सँडविचची दुसरी बशी भरत होते. आमच्या सांगलीकडं सासूला आत्या म्हणतात. तर या माझ्या सासूबाई, हौसाबाई खराडे, नऊवारीवर लेकाचं जाकीट चढवून, तळघरातल्या गर्दीत माझ्या कोपराला धरून उभ्या होत्या. वर चर्चमध्ये कोलेतची शेवटची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. तिचा भाऊ फेर्नां पहिल्या बाकावर टोपी मुठीत चुरगाळत बसला होता, रडला नाही. मग सगळे खाली आले. कॉफी, सँडविच, साखर-सायीच्या वड्या. इथली रीतच आहे ती.

“अजून नाही पुरलेली,” मी म्हटलं. “मे महिन्यात पुरतील.”

“कवा?”

“मे महिन्यात, आत्या. आत्ता जमीन गोठलीय. कुदळ घुसत नाही. बर्फ वितळला की मग.”

“आन् तवर?”

“तोवर शार्निएत ठेवतात.”

मग मला ते सांगत बसावं लागलं. चर्चच्या मागं, कबरस्तानाच्या तोंडाशी, टेकाडात अर्धी गाडलेली एक दगडी खोली होती. लोखंडी दार, वर ढीगभर बर्फ. तिला इथं शार्निए म्हणतात. हिवाळ्यात जो कुणी जाईल त्याची पेटी तिथं ठेवायची आणि जमीन मऊ झाली की पुरायची. गावात कुणालाच यात काही विशेष वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं राहून मलाही वाटेनासं झालं होतं.

आत्यांनी हातातलं अर्धं सँडविच बशीत परत ठेवलं.

“म्हंजे मढं गावातच हाय,” त्या म्हणाल्या, “आन् तुमी समदी हितं खातायसा.”

“आत्या, हळू बोला.”

“कुनाला कळतंय माझं?”

तेही खरंच होतं. मैलोन्‌मैल मराठी कळणारं आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं.

हे सगळं क्वेबेकमधलं, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातलं. माझा नवरा मिलिंद तिथं ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर होता. गावाला एका संताचं नाव, तेही इतकं लांबलचक की आत्या नुसतं ‘तुमचं सेंट गाव’ म्हणायच्या. आता आत्याही नाहीत आणि फेर्नांही नाही, मीच तेवढी सांगायला उरलेय. मामंजी गेल्यानंतर काही वर्षांनी आम्ही आत्यांना पहिल्यांदा इकडं आणलं होतं. मामंजी गेले तेव्हा आम्हाला पोचायला उशीर झाला होता. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. आत्यांना झोप कमी होती. मी कधीही उठले तरी त्या खिडकीशी बसलेल्या दिसायच्या. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

आणि कोलेत म्हणजे आमच्या वाचनालयाची मुख्य. पाद्रीबाबांचं जुनं घर गावानं विकत घेऊन त्यात वाचनालय काढलेलं, त्याला कोलेतनं आपलं आयुष्य वाहिलं होतं. मी सरकारी वर्गात फ्रेंच शिकून बाहेर पडले तेव्हा मला दुकानात पाव मागता येत होता, पण दुकानातली बाई बोलायला लागली की घाम फुटायचा. कोलेतनं मला पुस्तकं लावायला ठेवून घेतलं आणि शनिवारी पोरांना गोष्टी वाचून दाखवायला बसवलं. पोरं माझ्या उच्चारांवर खदाखदा हसायची. मी रडकुंडीला आले की ती म्हणायची, “हसतायत म्हणजे ऐकतायत. वाच पुढं.” अशी ती. दारातला बर्फ उपसता उपसता फावड्यावरच कोसळली आणि गेली. मला तर इतका राग आला होता तिचा! शेजारचा पोरगा पैसे घेऊन बर्फ काढून देतो, पण हिला मेलीला सगळं स्वतः करायचं.

तिच्या मागं वाचनालयात मी एकटी राहिले. मेयरबाईंनी, मादाम लाव्वांनी, मला सांगून ठेवलं होतं, “मार्चच्या सभेत ठरेल. एकतर तुम्हाला मुख्य करू, नाहीतर वाचनालय बंद करून शेजारच्या गावाच्या वाचनालयात मिसळून टाकू. तोवर सगळं सुरळीत दिसू द्या, काय?”

सुरळीत! माझ्या घरात आत्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला शेगडी लावायला गेले तर आत्या शेगडीपुढं हात पसरून उभ्या.

“चूल पेटवायची न्हाई.”

“आत्या, ही विजेची आहे.”

“चूल ती चूल. गल्लीत मढं असलं की चूल पेटत न्हाई. तुला म्हाईत न्हाई व्हय? का इसरलीस समदं?”

विसरले नव्हते. लहानपणी गल्लीत कुणी गेलं की उचलून नेईपर्यंत आम्हा पोरांना शेंगदाणे नि गूळ हातावर मिळायचा, तो मला चांगला आठवत होता. पण तो दोन-चार तासांचा खेळ. इथं जानेवारी चालू होता.

“मे महिन्यापर्यंत चूल नाही पेटवायची? काय खायचं मग?”

“मला दडपं पोहं चालत्यात. दूध हाय. केळी हायत.”

“आणि मिलिंद?”

आत्यांनी जरा विचार केला. लेकाचं पोट म्हटल्यावर शास्त्र थोडं सैल झालं. मायक्रोवेव्हकडं बोट दाखवून म्हणाल्या, “त्यात जाळ हाय का?”

“नाही.”

“मग त्यात कर जा.”

झालं! तेव्हापासून मी भात, वरण, रस्सा, सगळं त्या डब्यात करायला लागले. मिलिंद निमूटपणे खायचा. मी त्याला म्हटलं, “तू बोल की आईशी.” तो म्हणाला, “थोडे दिवस करू दे तिच्या मनासारखं. विसरेल.” म्हणजे बायकोनं मायक्रोवेव्हमध्ये फोडणी करायची आणि ह्यानं वाट बघायची.

पण खरी गंमत पुढंच होती. त्याच आठवड्यात मी वाचनालयात पुस्तकं लावत होते आणि सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. खिडकी कबरस्तानाच्या बाजूला उघडायची. शार्निएच्या लोखंडी दारासमोर, बर्फात, खुर्ची टाकून कुणीतरी बसलं होतं. अंगात मिलिंदचा जुना निळा स्नोसूट, त्याच्या खालून लुगड्याचा जांभळा काठ लोंबतोय. पायाशी जॅमच्या बाटलीत निरांजन लावलेलं.

मी तशीच धावत गेले. थंडीनं नाकातले केस ताठ होत होते.

“आत्या! काय चाललंय हे?”

“बसलेय.”

“कशाला?”

“मढ्याला एकटं ठेवत न्हाईत.”

“एकटी कुठाय ती? आत पाच पेट्या आहेत!”

“पाच मढी एकमेकाला सोबत करत्यात व्हय? शानीच हायस.”

“अहो, गारठून मराल! मग तुमचीही पेटी आतच ठेवावी लागेल मला.”

“ठेव की. मग बसशील तरी.”

मी दंड धरून ओढलं तर हलेनात. शेवटी तडजोड झाली. थोडा वेळ बसायचं, गारठलं की वाचनालयात येऊन हीटरला पाठ लावायची, ऊब आली की वाटलं तर परत जायचं. खुर्ची मात्र माझ्या लक्षातच आली नाही. ती वाचनालयाची होती, गोष्टी वाचताना मी बसायचे तीच.

मला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. कोलेतशी आत्यांची ओळख ती किती? दोघी वाचनालयात समोरासमोर बसायच्या, ही फ्रेंचमध्ये बोलायची, त्या मराठीत, आणि दोघी माना डोलवायच्या. कोलेतनं एकदा त्यांना लोकरीचे हातमोजे विणून दिले होते. एवढ्यावरून एवढं? मी मिलिंदला विचारलं, तो खांदे उडवून कॉम्प्युटरकडं वळला. आईला फोन करून विचारलं, ती म्हणाली, “तुझ्या सासूचं वय झालंय गं, सांभाळून घे.” म्हणजे मी काय करत होते?

गावाचं तर विचारूच नका. पहिल्यांदा लोकांना वाटलं, बाई वाट चुकलीय. दोघा-तिघांनी तिला हाताला धरून वाचनालयात आणून सोडलं. पाच मिनिटांत ती परत खुर्चीवर. मग कुणी म्हणालं, भारतात मेलेल्यांची पूजा करतात. कुणी म्हणालं, नाही, ती कोलेतला परत बोलावतेय. पोरं मात्र बेधडक येऊन निरांजन बघायची आणि आत्या त्यांना खारका द्यायच्या. पोरं त्या तोंडात टाकून बिया कुठं थुंकाव्या या पेचात पडायची.

एके दिवशी मादाम लाव्वा वाचनालयात आल्या. ओव्हरकोट काढला नाही, तेव्हाच मी समजले की काम सरकारी आहे.

“मादाम खराडे, मला तुमच्याबद्दल आदर आहे. तुमच्या सासूबाईंबद्दलही आहे. पण त्या तिथं का बसतात?”

“त्यांना बरं वाटतं,” मी म्हटलं. दुसरं मला तरी काय ठाऊक होतं?

“प्रार्थना करतात का?”

“नाही. बहुतेक नाही.”

“बहुतेक?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, माझ्या आईच्या काळात पाद्री घरात येऊन विचारायचे, यंदा पाळणा का हलला नाही. शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, हे घरसुद्धा त्यांचंच, जिथं आपण बसलोय. ते सगळं आम्ही मोठ्या कष्टानं बाहेर काढलंय. आता गावच्या वाचनालयाच्या खुर्चीवर बसून कुणी धार्मिक विधी करतंय म्हटल्यावर लोक मला विचारणारच ना?”

“मग मी ती खुर्ची काढून घेते.”

“खुर्ची नगरपालिकेची, पण जागा चर्चच्या कमिटीची. मी कमिटीला फोन केला. ते म्हणाले, जागा आमची असली तरी वाटेवरचा बर्फ नगरपालिका काढते, म्हणून बाई घसरून पडल्या तर जबाबदारी तुमची. आमचा विमावाला म्हणतो, बर्फ आमचा, पण बाई कमिटीच्या.”

“बाई माझ्या,” मी म्हटलं.

“म्हणून तर तुमच्याकडं आलेय. विषय मार्चच्या सभेवर घेतलाय. त्याच सभेत वाचनालयाचंही आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.” दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. “धार्मिक नसेल तर कुणाचंच काही म्हणणं नाही. तेवढं फक्त स्पष्ट सांगा.”

मी घरी जाऊन आत्यांपुढं हात जोडले. “आत्या, माझी नोकरी जाईल हो. वाचनालयच बंद पडेल. कोलेतनं जन्मभर सांभाळलेलं आहे ते. तिच्यासाठी तरी उठा.”

आत्या पोहे भिजवत होत्या. “तुजं काम जाऊ ने असं मलाबी वाटतंय, पोरी,” त्या म्हणाल्या. “पर मी उठू शकत न्हाई.”

“का पण?”

“न्हाई म्हंजे न्हाई.”

मला इतका संताप आला की मी सरळ जाऊन शेगडी लावली. आत्यांनी येऊन ती बंद केली. मी परत लावली. त्यांनी परत बंद केली. मिलिंद दारात उभा राहून आमच्याकडं बघत होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मीच शेगडीवरचा हात काढला.

सभा जुन्या शाळेच्या हॉलमध्ये भरायची. एरवी त्या सभेला तीन माणसं नि एक कुत्रा असतो. त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. विषयपत्रिकेवर चक्क लिहिलं होतं, ‘कबरस्तानाच्या वाटेवरील खुर्ची.’ हसू नका, असंच होतं. फेर्नां मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो एकटा राहायचा, लाकडं तोडायचा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचा. कोलेतच्या प्रार्थनेनंतर तो गावात फारसा कुणाला दिसला नव्हता.

मी सगळं पाठ करून गेले होते. मेयरबाई विचारणार, आत्या काय बोलायचं ते बोलणार, आणि मी फ्रेंचमध्ये सांगणार: कोलेत माझ्या सासूबाईंची मैत्रीण होती, तिची आठवण येते म्हणून या बसतात. बस्स. धर्म नाही, विधी नाही, वाचनालय वाचलं. आत्यांना कुठं कळणार होतं मी काय सांगितलं ते? कुणाला कळतंय माझं, असं त्याच म्हणाल्या होत्या ना!

मादाम लाव्वांनी विचारलं, “मादाम, तुम्ही तिथं का बसता?”

मी वळून म्हटलं, “आत्या, त्या विचारतायत, का बसता. थोडक्यात सांगा.”

आत्या उभ्या राहिल्या. लुगड्याचा पदर सारखा केला. मला वाटलं, मढ्याला एकटं ठेवत नाहीत, एवढंच म्हणतील.

“आमचं मालक गेलं सकाळच्याला,” त्या म्हणाल्या. “ल्योक हितं, बर्फात अडाकलेला. इमान उडंना. दवाखान्यातलं म्हनले, ल्योक येईस्तवर पेटीत ठिवू, बर्फाच्या. म्यां म्हनलं, ठिवा, पर मला दारात बसू द्या. तर तितला मानूस म्हनला, मावशी, हितं बसायचं न्हाई, घरी जावा. भावकीबी म्हनली, घरी जावा, तुमी बसून काय मानूस परत येनार हाय? आन् मी गेले.”

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आत्या भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, आणि त्या मधल्या दिवसांचं आम्ही कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

“आन् वासंते,” आत्या आता मेयरबाईंकडं नाही, माझ्याकडं बघून बोलत होत्या, “त्या राती मला झोप लागली गं. गाड झोप. माझं मानूस तिकडं एकटं बर्फात पडलेलं, आन् मी पंख्याखाली घोरत हुते. जागी झाले तर उनं दारात आलीवती. तवापासनं मला झोप न्हाई.”

हॉलमध्ये कुणी खोकलं. मिलिंद माझ्या शेजारी जमिनीकडं बघत बसला होता आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं.

“त्या बाईला सांग,” आत्या म्हणाल्या, “कोलेतबाय माझी कोन न्हाई. पर तिच्या दारातनं मला अजून कुनी हाकललं न्हाई. बसू द्या म्हनावं.” आणि त्या खाली बसल्या.

“काय म्हणाल्या त्या?” मादाम लाव्वांनी विचारलं.

पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडलं आणि ते येईना. एवढे डोळे माझ्याकडं लागलेले, आणि मला फ्रेंचमधलं एकसुद्धा क्रियापद आठवेना. मग मी जे ऐकलं होतं तेच सांगायला लागले. मोडक्यातोडक्या शब्दांत, मागचं पुढं, पुढचं मागं. मढ्याची सोबत याला मला शब्दच सापडला नाही, मी म्हटलं, “मेलेल्या माणसाला कंटाळा येऊ नये म्हणून.” कुणी हसलं नाही. हे धार्मिक आहे का, असं मध्येच एका सभासदानं विचारलं. मी म्हटलं, “मला माहीत नाही हो. मला खरंच माहीत नाही.” आणि मला रडू फुटलं. काय करणार?

तेवढ्यात मागून फेर्नांचा आवाज आला.

“ती माझी बहीण आहे.” सगळे वळले. “मी एकदाही गेलो नाही तिकडं. मला वाटलं, मेपर्यंत काही करायचं नसतं.” त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि दार उघडून बाहेर पडला. दारातून थंडीचा लोट आत आला.

मला वाटलं होतं, आता काहीतरी ठरेल. पण सभा ती सभा. मादाम लाव्वा दोनदा पाणी प्यायल्या, मग कागद सारखे करत म्हणाल्या की जागा कमिटीची असल्यामुळं तिथं कुणी बसावं वा न बसावं हे ठरवणं नगरपालिकेच्या अधिकारात नाही. खुर्ची मात्र नगरपालिकेची आहे, ती जागेवर परत यावी. आणि वाचनालयाचा विषय वेळेअभावी मे महिन्याच्या सभेवर ढकलण्यात येत आहे. पुढचा विषय, गटारं.

आम्ही बाहेर पडलो. आपण जिंकलो की हरलो, हे मला समजेना. आत्यांनी गाडीत एवढंच विचारलं, “खुर्ची कुनी मागितली?”

“नगरपालिकेनं.”

“त्यांची हाय, त्यांनी मागावी. मी पाट नेईन.”

पाट न्यायची वेळ आली नाही. सकाळी मी वाचनालय उघडायला आले तर शार्निएच्या दारासमोर एक लाकडी खोपटं उभं. लाल रंगाचं, खाली बर्फावर घसरायला पट्ट्या लावलेलं. ज्यात बसून हे लोक गोठलेल्या तळ्यावर मासे धरतात, तसलं. फेर्नांनं स्नोमोबिलला, बर्फावरच्या मोटारगाडीला, जुंपून ते तळ्यावरून ओढत आणलं होतं. आत दोन बाकं आणि कोपऱ्यात वीतभर लोखंडी शेगडी. आत्या एका बाकावर, फेर्नां दुसऱ्या बाकावर, दार उघडं टाकून दोघं समोरच्या लोखंडी दाराकडं बघत बसलेले. आत माशांचा उग्र वास मारत होता आणि जन्माच्या माळकरी आत्या त्यात हूं की चूं न करता बसल्या होत्या.

“वासंते, बरी आलीस,” त्या म्हणाल्या. “ह्यो चूल पेटवतोय बग. त्येला सांग, चालत न्हाई.”

मी सांगितलं. “पण थंडी आहे,” फेर्नां म्हणाला.

“थंडी आहे म्हणतोय, आत्या.”

आत्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्याची बोटं लाल झाली होती, काडी धरवत नव्हती. “मढं त्येच्या घरचं,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्येनं पेटवली तर मी कोन बोलनार? पेटव म्हनावं.”

त्या दिवसापासून आमच्या घरातलीही शेगडी लागायला लागली. मढ्याच्या घरच्यानंच चूल पेटवली म्हटल्यावर आमची कशाला अडेल! दोघं रोज बसायची. तो फ्रेंचमध्ये बोलायचा, त्या मराठीत. मी एकदा कान देऊन ऐकलं तर तो लहानपणी कोलेतनं त्याला तळ्यात ढकललं होतं ते सांगत होता, आणि आत्या त्याला मामंजींच्या बैलजोडीचं सांगत होत्या, आणि दोघांच्या माना डुलत होत्या. हळूहळू इतरही यायला लागले. आतल्या पेट्या त्यांच्याही माणसांच्या होत्याच की. कुणी थर्मास आणायचं, कुणी नुसतं उभं राहून जायचं. एकदा मादाम लाव्वांनाही मी पाहिलं. त्या ओव्हरकोट काढून बसल्या होत्या.

एप्रिलमध्ये आत्यांचा व्हिसा संपला. बर्फ अजून गुडघाभर होता. विमानतळावर त्यांनी मिलिंदला जवळ घेतलं, मला म्हणाल्या, “माझं ऱ्हायलं अर्धंच.”

“मी बसेन, आत्या.”

“तू काम संबाळ. फेर्नां हाय.” नाव त्या अगदी नीट घ्यायच्या, आमच्यापेक्षा नीट. “फकस्त नेतील त्या दिवशी मला फोन कर. इसरू नगंस.”

मी परत आले ती सरळ खोपट्याकडं गेले. फेर्नां एकटाच बसला होता. समोरच्या बाकावर आत्यांची जॅमची बाटली होती, त्यात त्यानं मेणबत्ती लावली होती. तेल संपलं होतं म्हणाला.

मे महिन्याच्या सभेत पाच मिनिटांत वाचनालय माझ्या हाती आलं. खुर्ची जमा झाल्याची नोंद झाली. आणि त्याच आठवड्यात, ओल्या काळ्या मातीत, कोलेतला पुरलं. सगळं गाव आलं होतं. जानेवारीत आले नव्हते तेही आले होते. फेर्नांनं पहिली मूठ टाकली आणि या वेळी तो रडला, चांगला मोकळेपणानं, टोपीत तोंड खुपसून. दुपारी मी त्याच्याकडं पिठलं-भात घेऊन गेले. आमच्याकडं माणूस पोचवून आल्यावर शेजाऱ्यांनी न्यायचं असतं, म्हणून सांगितलं. त्यानं सगळं पातेलं संपवलं.

पण त्याआधी, कबरस्तानातूनच, मी आत्यांना तासगावला फोन लावला. तिकडं रात्र झाली होती. पहिल्याच घंटेला उचलला.

“नेली का?”

“नेली, आत्या. आत्ताच.”

“कोन कोन हुतं?”

“सगळं गाव होतं. फेर्नांनं माती दिली. मिलिंदनंही दिली.”

“एकटी न्हवती न्हवं कवाच?”

“नाही. शेवटपर्यंत कुणी ना कुणी होतं.”

पलीकडं पंख्याचा आवाज आला, आणि खाटेची कुरकुर.

“बरं झालं, पोरी,” आत्या म्हणाल्या. “ठिव आता. मला झोप आलीया.”